केप आधी की शेवटी?

बंदुकीविषयी काही लिहायचे तर गोमंतकीय माणसाने सुरुवात शब्दांपासूनच करावी. 'काडतूस' हा शब्द मराठीला पोर्तुगिजांकडून मिळाला. त्यांच्या 'कार्तुश'चे आपण काडतूस केले. 'पिस्तूल' त्यांचेच. 'बंदूक' अरबी-फारशीच्या वाटेने आली, 'तोफ' तुर्कांची, आणि 'दारू' तर मुळात फारशीत औषधाला म्हणतात! चावी, बटाटा, पाव यांच्या पंगतीत काडतूसही बसलेले आहे, याचा आपल्याला सहसा पत्ता नसतो. पण या सगळ्या पाहुण्यांच्या गर्दीत एक शब्द मला फार आवडतो, तो म्हणजे 'रंजक'. आज रंजक म्हटले की आपल्याला कादंबरी आठवते. शिवकाळातल्या किंवा पेशवाईतल्या गोलंदाजाला मात्र तोफेच्या कानात घालायची चिमूटभर बारीक दारू आठवली असती. नळीत ठासलेली दारू आपण होऊन पेटत नाही. तिला पेटवणारे काहीतरी लहानसे, चटकन भडकणारे बाहेरून द्यावे लागते. ते रंजक.

बंदुकीचा चारपाचशे वर्षांचा इतिहास म्हणजे खरे तर या रंजकाचाच इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल. आधी तोड्याची बंदूक आली. जळती वात रंजकाला टेकवायची. पाऊस आला की वात विझली, लढाई संपली! मग चकमकीची आली. गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी रंजकावर पडायची. तिच्यात एक खोड होती. आधी बाहेर भपकन जाळ व्हायचा आणि मग क्षणभराने बार. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावच्या अलेक्झांडर फॉर्साइथ नावाच्या पाद्र्याला शिकारीचा नाद होता. तो जाळ पाहूनच पाखरे उडून जातात, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने आघाताने पेटणारी रसायने वापरून पाहिली. १८०७ साली त्याला एकस्व मिळाले. पुढे पंधरा-वीस वर्षांत तांब्याची इवलीशी टोपी आली. आत त्या रसायनाचा ठिपका, वरून घोड्याचा ठोका, की बार! चतुर्थीला आपण लहानपणी टिकल्यांची बंदूक उडवायचो, नाहीतर टिकली दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने हाणायचो, तेच हे तत्त्व. जगभराच्या फौजांनी दीडदोनशे वर्षे वापरलेले तत्त्व आपण अंगणात बसून शिकलो होतो, बरे का!

या टोपीला आमच्या आजोळी 'केप' म्हणतात. आजोळ म्हणजे हिंडलगा. गोव्याहून आंबोली, चंदगडमार्गे बेळगावला जाणाऱ्यांनी हे गाव पाहिलेले असणार. शिनोळी गेली, बाची गेली, उचगावचा फाटा गेला, सुळगा गेले, की बेळगाव शहर लागायच्या आधीचे मोठे गाव. लोकांना हिंडलगा म्हटले की मध्यवर्ती कारागृह आठवते. १९५० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना स्थानबद्ध करून बेळगावच्याच तुरुंगात ठेवले होते. मला मात्र हिंडलगा म्हटले की मामांची रताळ्यांची शेती आठवते आणि माजघरात उंच खुंटीवर टांगलेली ठासणीची बंदूक.

मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. या पलटणीचे केंद्र बेळगावातच, त्यामुळे त्या भागात घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी सापडतोच. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा टेक्सासमध्ये इंजिनिअर आहे. मुलगी हिंडलग्यातच राहते आणि वडिलांबरोबर शेती पाहते. गेल्या दिवाळीत मी तिथे गेलो होतो, तेव्हा टेक्सासहून व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे संध्याकाळ, त्याच्याकडे सकाळ. दिवाळीच्या शुभेच्छा, फराळाची चौकशी वगैरे झाल्यावर त्याने आपले गॅरेज दाखवले आणि वडिलांना एक प्रश्न विचारला. या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

तो तिथे रायफल नेमबाजीच्या क्लबात जातो. आणि नुसता नेम धरत नाही, तर आपली काडतुसे आपण घरी भरतो. अमेरिकेत हा मोठाच छंद आहे. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला तिथल्या संघराज्याच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. गोळी झाडली की पितळेचे कवच तसेच उरते. ते सर्वांत महाग, आणि ते पुन्हा पुन्हा वापरता येते. म्हणून खर्च वाचतो, शिवाय प्रत्येक काडतूस अगदी एकसारखे भरले तर नेमही सुधारतो. या पितळी कवचाच्या बुडाशी मसुराच्या डाळीएवढी एक टोपी असते, तिला प्रायमर म्हणतात. म्हणजे आपली केपच, फक्त बाहेरून आत गेलेली. तिचे दोन पंथ आहेत आणि दोन्ही १८६६ च्या सुमाराचे. हायरम बर्डन या अमेरिकनाची रचना युरोपने उचलली, आणि एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची अमेरिकेने! पिकते तिथे विकत नाही, ते असे. बॉक्सरच्या रचनेत कवचाच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. त्यातून सळई घालून जुनी टोपी सहज बाहेर पाडता येते, म्हणून घरी भरणाऱ्यांना ती सोयीची.

तर नवी टोपी बसवायला कोणते अवजार घ्यावे, हा त्याचा प्रश्न होता. त्याने तीन प्रकार सांगितले. एक, काडतुसे भरण्याच्या मोठ्या दाबयंत्रालाच जोडलेली दांडी. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, पण तरफ इतकी मोठी की टोपी नीट बसली की वेडीवाकडी चिरडली ते हाताला कळत नाही. दोन, टेबलावर स्क्रूने घट्ट बसवायचे स्वतंत्र यंत्र. काम भराभर होते, हात दुखत नाही, आणि पहिल्यापेक्षा अंदाज बरा येतो. तीन, मुठीत धरायचे हातयंत्र. लिंबू पिळायच्या चिमट्यासारखे दाबायचे, एका वेळी एक टोपी. पन्नास-शंभर झाली की पंजा भरून येतो, पण टोपी आत सरकताना, खोबणीच्या तळाला टेकताना बोटांना स्पष्ट जाणवते. याशिवाय, १९५८ पासून, ली नावाच्या कंपनीचा एक स्वस्त संच मिळू लागला. त्यात टोपी चक्क हातोडीने हलके ठोकून बसवायची!

एवढ्या बारीक गोष्टीचा एवढा खल कशाला, असे कुणालाही वाटेल. मलाही कुतूहल होते. तो म्हणाला, "टोपी कवचाच्या बुडापेक्षा केसभर आतच बसायला हवी. जरा बाहेर राहिली तर पहिल्या ठोक्याची शक्ती तिला आत ढकलण्यातच जाते आणि बार होत नाही. काही रायफलींत तर उलटच, बाहेर आलेल्या टोपीवर खटका आदळून चाप न ओढताच गोळी सुटायची भीती." डोळ्यांवर चष्मा, एका वेळी एकाच जातीच्या टोप्या टेबलावर, बाकीच्या त्यांच्या मूळ डब्यात, आणि काम झाल्यावर साबणाने हात, कारण त्यात शिसे असते. हे सगळे तो पाठ म्हटल्यासारखे सांगत होता. लहानपणी पाढे म्हणायचा कंटाळा करणारा तो हाच का, असे मला वाटून गेले.

मामांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "टोपी कवा घालूलास? आधी की शेवटी?"

"आधी, बाबा. मोकळ्या कवचात पहिल्यांदा टोपी. मग दारू, मग गोळी."

मामा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आमच्यात शेवटी असते की रे."

मंडळी, या एका वाक्याने मला सगळा विषय उलगडला. ठासणीची बंदूक भरताना मी मामांना लहानपणापासून पाहत आलो आहे. नळीत दारू, तिच्यावर बोळा, मग गजाने ठासणे. ('ठासून भरलेले' हा शब्दप्रयोग याच गजाचे लेणे आहे. आपण तो राशन दुकानातल्या पोत्यांना आणि निवडणुकीतल्या भाषणांना लावतो, ती गोष्ट वेगळी.) हे सगळे झाले तरी बंदूक मुकी असते. ती खांद्यावर टाकून बांधावरून चालत जा, झाडाला टेकवून तंबाखू मळत बसा, काही होत नाही. केप मामांच्या सदऱ्याच्या खिशात असते, एका जुन्या डबीत. शेतात उभे राहिल्यावर, समोर कोण आहे ते नीट पाहिल्यावर, मागे घर नाही, वाट नाही, माणूस नाही अशी खात्री पटल्यावर अंगठ्याने केप चढवायची. निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत माणसाच्या हातात राहतो. डुकरे आपण होऊन निघून गेली, तर केप परत डबीत.

काडतुसाने हा क्रम उलटा केला. टोपी सर्वांत आधी बसते, तीही शेतात नव्हे तर घरातल्या टेबलावर, दिव्याखाली, कदाचित महिनाभर आधी. जी जबाबदारी मामा बांधावर उभे राहून घेतात, ती माझ्या मामेभावाला गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून घ्यावी लागते. समोर डुक्कर नाही, सावट नाही, आवाज नाही. मनाला जागे ठेवणारे काहीच नाही. अशा वेळी बोटांना जे कळते तेवढेच. म्हणून हे अवजार निवडणे क्षुल्लक नाही. शेवटचा निर्णय जिथून पहिल्या पायरीवर सरकला, तिथे हाताचा स्पर्श किती शिल्लक ठेवायचा, असा तो प्रश्न आहे.

मामांनी उत्तरही तसेच दिले. "मुठीतलं घे. हात दुखला तर दुखू दे. दुखला की थांबशील तरी." मला वाटते, अवजारांच्या दुकानातल्या कुठल्याही जाणकाराने यापेक्षा चांगला सल्ला दिला नसता. वेगासाठी दुसरे यंत्र बरे, हे खरे. ज्याला स्पर्धेसाठी हजारो काडतुसे भरायची आहेत त्याने ते घ्यावे. पण महिन्याला पन्नास गोळ्या झाडणाऱ्या माणसाला वेग हवाय कशाला?

मग मामांना फौजेतली आठवण झाली. फायरिंग रेंजवर सराव झाला की सगळ्यांनी ओणवे होऊन झाडलेल्या काडतुसांची कवचे वेचायची. त्यांना फौजेत 'खोके' म्हणतात. जितक्या गोळ्या दिल्या तितके खोके मोजून परत द्यायचे. एक कमी पडला तर गवत उपसून काढायचे, पण हिशेब जुळल्याशिवाय सुट्टी नाही. "आम्ही खोके सरकारला परत देत होतो, ह्यो घरला आणूलाय," असे म्हणून ते पहिल्यांदाच हसले. मोजण्याची शिस्त मात्र दोघांची एकच, हे त्यांनाही जाणवले असावे. मुलाने डबे दाखवले तेव्हा त्यांनी बारकाईने पाहिले. प्रत्येकावर तारीख आणि कवच कितव्यांदा वापरले त्याचा आकडा होता. "नीट लिवलायस," म्हणाले.

आता थोडे माझ्या धंद्याचे. मी पडलो सरकारी कारकून. बी. ए. मराठी घेऊन केले असले तरी गेली वीस वर्षे वाचन मुख्यतः परिपत्रकांचे. त्यामुळे पणजीला परतल्यावर मी १९५९ चा शस्त्र कायदा उघडला. त्यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बाँब, गोळे, हातबाँब हे तर आहेतच, पण दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री हीसुद्धा कायद्याच्या लेखी दारूगोळाच! म्हणजे टेक्सासच्या दुकानात कुणीही उचलावा असा तो चिमटा आपल्या भूमीवर आला की काडतुसाच्या रांगेत जाऊन बसतो. तो कोणता घ्यावा हा प्रश्न तिथे छंदाचा, इथे परवान्याचा. परवान्याशिवाय शस्त्रे वा दारूगोळा बनवणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. कुणी वाचकाने उत्साहाच्या भरात पाहुण्याला 'येताना एक घेऊन ये' असे सांगू नये, म्हणून मुद्दाम लिहितो.

म्हणजे आपल्याकडे कायदाही टोपीसारखाच आधी बसलेला आहे. तो असा का, याचे उत्तर या सीमाभागाच्या इतिहासात आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी शस्त्रे जमा करण्याचा कायदा केला. मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी त्याच वर्षी हत्यारे द्यायला नकार दिला. पलटण आली, गाव जाळले गेले. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब यांना दत्तकाची परवानगी नाकारली होती, त्यात शस्त्रे जमा करण्याचा हुकूम आला. १८५८ च्या मे महिन्यात त्यांनी उठाव केला आणि जूनमध्ये त्यांना बेळगावात फाशी झाली. पुढे लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. आजच्या कायद्याचा सांगाडा त्याच घराण्यातला. कोडगूच्या लोकांना तेवढी सूट मिळाली, ती अजून चालू आहे. २०१९ साली केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली.

पण मी हे एकतर्फी सांगणार नाही. हिंडलग्यातच १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. दर वर्षी १ जूनला तिथे सीमाभागातली मराठी माणसे जमतात. ते पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. त्या गावात गोळी हा विषय कुणी फुशारकीने बोलत नाही. मामा तर नाहीच. बंदुकीचे कौतुक करणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी एकदा शांतपणे स्मारकापर्यंत फिरायला नेले होते, एवढे मला ठाऊक आहे. हत्यार कुणाच्याही हाती सहज लागू नये, हे म्हणायला तिथे इंग्रजाची गरज नाही.

अडचण आहे ती रताळ्यांची. दिवाळीच्या सुमाराला जमिनीखाली पीक भरलेले असते आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकतो. आपल्याकडे सत्तरी, सांगे, काणकोणच्या कुळागरांत गवेरेडे आणि माकडे जे करतात तेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय डुकराला मारता येत नाही. म्हणून मामांच्या बंदुकीत गेली कित्येक वर्षे छर्रे भरलेलेच नाहीत. दारू, बोळा, केप, आणि आभाळाकडे तोंड करून बार. आवाजाने कळप पळतो, दोन रात्री शांत जातात. खरी पिकाच्या रक्षणाची बंदूक ती हीच, आणि कायद्यातही अशा ठासणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा सांगितलेला आहे.

मामा आता चौऱ्याहत्तरीला आले. अंगठा थरथरतो. केप चढवताना दोनदा निसटून गवतात पडली, असे मामेबहिणीने मला बाजूला घेऊन सांगितले. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाची सत्तरी झाली की तो आपल्या वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. घरात सगळ्यांनी गृहीत धरले होते की बंदूक आता सरकारजमा करायची, कारण मुलगा परदेशात. मुलाने फोनवर तसे सुचवलेही होते. त्याचा आग्रह प्रेमाचाच होता. बाबांच्या हातून काही होऊ नये, एवढेच त्याला वाटत होते.

मुलगी तिथेच बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "राखणीला रात्री मी जाते. बंदुकीचं मला कोण विचारूलंय काय?"

खरेच कुणी विचारले नव्हते! शेत ती राखते, खोपीत ती झोपते, कळपाची चाहूल तिला आधी लागते. आणि घरातल्या बंदुकीचा विचार करताना सगळ्यांच्या नजरा सातासमुद्रापलीकडे. मामांनी तिच्याकडे पाहिले, मग खुंटीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंदूक उतरवली. दारूचे शिंग आणि डबी बाजूला ठेवून, रिकाम्या बंदुकीवर तिला घोडा कसा हलकेच खाली आणायचा ते दाखवले. पुन्हा पुन्हा. परवाना होईपर्यंत त्यापुढे काही नाही, असेही बजावले. अर्जाचा मसुदा मी लिहून दिला. कारकुनाचा तेवढाच उपयोग! व्यवसाय शेती, कारण पिकाचे रक्षण, वारस मुलगी. आता पोलिसांचा अहवाल, कागदांच्या फेऱ्या, सगळे यथासांग होईल. मिळेल की नाही ते सांगता येत नाही. नाही मिळाला तर बंदूक ठाण्यात जाईल आणि ती डबे बडवून राखण करील, असे तिने आधीच सांगून ठेवले आहे.

मामेभावाने मुठीतले यंत्र घेतले. तसा निरोप आला, सोबत फोटो. त्याने मामेबहिणीला लिहिले होते, "तुझी केप शेवटी, माझी आधी. दोघंही बघून घालूया." तिने उत्तर दिले नाही, रात्री राखणीला गेली होती.